जळगाव-धुळ्यात बसून चीनच्या राजकारणावर संशोधन कसं करावं

शहादा असो की भुसावळ, बीजिंगला न जाता हे काम जमतं. तिथं जाऊनही सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या बंद दाराआडचं दिसत नाहीच. अभ्यासकांचा बराचसा आधार कागदच असतो.

आधी विषय आवळा. ‘चीनमधील हुकूमशाही’ हा काही पीएचडीचा विषय नव्हे. एक प्रांत, एक पद आणि पक्षाच्या दोन महाअधिवेशनांमधला काळ घ्या: 19वं ऑक्टोबर 2017, 20वं ऑक्टोबर 2022. बढत्या-बदल्या त्याभोवतीच फिरतात.

पद निवडताना हमखास घोटाळा होतो. आपल्याला कलेक्टरकडे बघायची सवय, म्हणून तिथंही गव्हर्नर किंवा महापौर शोधला जातो. सत्ता असते पक्षसचिवाकडे. गव्हर्नर त्याच्या हाताखाली.

एक्सेलमध्ये रकाने करा: तारीख, चिनी लिपीतलं नाव, पद, बातमीतल्या यादीतला क्रम, मूळ लिंक, साठवलेली प्रत. चिनी लिपी हवीच. देवनागरीत शान्शी लिहिलंत तर शिआनचा प्रांत की ताइयुआनचा, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. यादीतला क्रमही हवा, कारण तो मानाचा असतो.

पान वाचलं त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) टाका, पीडीएफही ठेवा. परराष्ट्रमंत्री छिन कांग 25 जून 2023 नंतर दिसेनासे झाले, 25 जुलैला पद गेलं आणि मंत्रालयाच्या वेबसाइटवरून त्यांचे उल्लेख उडाले. जुनी प्रत ज्याच्याकडे होती, त्यालाच काय पुसलं ते दाखवता आलं. अशी गळालेली ओळ ही तुमची सगळ्यात मोलाची नोंद.

आकड्यांना मात्र जपून हात लावा. शहरी तरुणांची बेरोजगारी जून 2023मध्ये 21.3 टक्के होती. मग आकडे देणंच थांबलं, आणि डिसेंबरचा आकडा आला 14.9 टक्के, पण त्यातून शिकणारी मुलं वगळलेली. हे दोन आकडे एका आलेखात जोडले की सुधारणा दिसते, ती खोटी. तसंच चीनच्या संसदेतलं 2018चं मतदान: राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा काढायला 2,958 मतं, विरोधात 2. यावरून पाठिंब्याची टक्केवारी काढू नका. एवढी एकमुखी मोजणी कशासाठी दाखवली जाते, हा प्रश्न धरा.

मुलाखती घ्यायच्या तर वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपचा नाद सोडा. भारतात ते 2020 पासून बंद आहे, शिवाय त्यावर पाळत असते. बोलणाऱ्याचं नाव, गाव, कॉलेज नोंदीत येऊ देऊ नका; प्रबंध तुमचा असला तरी चौकशी त्याच्या घरी जाते.