डाय करण्याआधी: सुचलेल्या वस्तूचा पार्ट कारखान्यातून कसा काढावा

प्लास्टिकच्या पार्टमध्ये सगळ्यात मोठा खर्च डायचा, म्हणजे ज्यात प्लास्टिक भरून पार्ट काढतात त्या पोलादी साच्याचा असतो, आणि डायचं पोलाद एकदा कापलं की मागे फिरणं महागात पडतं. म्हणून नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या डायमेकरकडे जाण्याआधीच शक्य तेवढ्या चुका बाहेर काढायच्या. उदाहरणाला द्राक्षबागेतली एक क्लिप घेऊ. ठिबकची १६ मिमी नळी ती खालच्या तारेला टांगून धरते आणि मशागतीच्या वेळी एका हाताने सुटते.

गरज कागदावर उतरवा

क्लिपने काय करायचं, काय सोसायचं आणि तिची किंमत किती परवडेल, हे एका पानावर लिहा. नळी नावाला १६ मिमी असते, म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या, नव्या आणि जुन्या नळ्या व्हर्निअरने मोजा. तारेची जाडीही मोजा. एक गोष्ट हमखास सुटते: नळीचं पॉलिथिन उन्हाने बरंच वाढतं. ५० मीटरची लॅटरल (ओळीतून जाणारी ठिबकची नळी) सकाळच्या आणि दुपारच्या तापमानातल्या २० अंशांच्या फरकाने साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांबते. क्लिपने नळी करकचून धरली तर ही वाढ सरकायला जागा मिळत नाही आणि नळी मधेच वाकते. म्हणजे क्लिपने नळी पेलायची आहे, आवळायची नाही. हे आधी कळलं तर पुढचा सगळा आकार बदलतो.

आधी शोध, मग अर्ज, मग दाखवणं

अशा क्लिपा बाजारात आधीपासून आहेत. त्यामुळे आपल्या क्लिपमध्ये नेमकं नवीन काय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत घेता येतो. ओळखीच्या वस्तू नुसत्या वेगळ्या मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करत राहिली, तर पेटंट कायदा, १९७० चं कलम ३(एफ) आडवं येतं.

नावीन्य दिसलं तर तात्पुरत्या तपशिलासह (प्रोव्हिजनल) अर्ज करा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात आणि ते ऑनलाइन भरता येतात. व्यक्तीसाठी मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. त्या तारखेपासून १२ महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. तात्पुरत्या तपशिलात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते, म्हणून घाईत चार ओळी खरडू नका. कृषी प्रदर्शनात क्लिप मांडणं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा व्हिडिओ टाकणं हे सगळं अर्जानंतर. डायमेकर किंवा थ्रीडी प्रिंटवाल्याला फाइल देतानाही गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.

प्रोटोटाइप

आधी जाड पुठ्ठा किंवा पत्रा कापून हाताची पकड बघा. मग थ्रीडी प्रिंट. इथे मटेरियलची चूक सर्रास होते. पीएलए हे प्लास्टिक स्वस्त आणि छापायला सोपं, पण साधारण ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात तारेवर ते वाकडं होऊ शकतं. बागेतल्या चाचणीला पीईटीजी हे प्लास्टिक घ्या, आणि जास्त दिवस उन्हात ठेवायचं असेल तर एएसए.

प्रिंट उभी ठेवायची की आडवी, हेही महत्त्वाचं. क्लिपचे हात थरांच्या जोडावर मोडतात. क्लिप आडवी झोपवून छापली की थर हाताच्या लांबीने जातात आणि हात टिकतो. १६ मिमी नळीसाठी तोंड (नळी आत शिरते ती फट) १३ मिमीच्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने चार-पाच नमुने छापून बघा. हात जिथे अंगाला मिळतो तो कोपरा टोकदार ठेवू नका. तिथे जाडीच्या निम्मी तरी गोलाई द्या, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

प्रिंटवर ताकदीचा अंतिम निकाल मात्र देऊ नका. आकार ठरला की सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून पंधरा-वीस नमुने काढता येतात. ते एप्रिल छाटणीच्या आधी बागेत लावले, तर ऊन, बोर्डो मिश्रण आणि मजुरांची रोजची ओढाताण यांची परीक्षा आपोआप होते.

ड्रॉइंग

प्रिंटसाठी एसटीएल फाइल चालते, डायसाठी स्टेप फाइल आणि सोबत मापांचं ड्रॉइंग लागतं. स्टेपमध्ये आकार असतो, पण कुठलं माप किती सांभाळायचं हे ड्रॉइंगच सांगतं. सगळीकडे ±०.०५ लिहिलं तर दर उगाच चढतो. इथे तोंडाचं आणि तारेच्या खाचेचं माप कडक ठेवा, बाकी ठिकाणी ±०.२ मिमी पुरे.

भिंत सगळीकडे सारखी, २ मिमीच्या जवळपास ठेवा. एकीकडे जाड झाली की तिथे सिंक मार्क, म्हणजे पृष्ठभागावर खळगा पडतो. आतली रिब (आधाराची पट्टी) भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीची. डाय उघडते त्या दिशेच्या भिंतींना किमान १ अंश ड्राफ्ट (उतार) हवा, नाहीतर पीस डायमध्ये अडकतो. आडवी खाच आली की डायमध्ये स्लायडर (बाजूला सरकणारा भाग) लागतो आणि डायची किंमत बरीच वाढते. तो टाळता येतो का, हे डायमेकरसोबत बसून बघा.

मटेरियल आणि डाय

या क्लिपला पीपी (पॉलिप्रॉपिलीन) चांगलं: लवचीक आहे, फवारणीची बहुतेक रसायनं सोसतं. मात्र यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं रसायन) आणि काळा मास्टरबॅच (रंगाचे दाणे) नसेल तर उन्हात ठिसूळ होतं. मटेरियल डाय कापण्याआधीच पक्कं करा. पीपी थंड होताना १ ते २.५ टक्के आकसतं, काच भरलेलं नायलॉन त्यापेक्षा खूपच कमी. त्यामुळे एकासाठी कापलेल्या डायमध्ये दुसरं टाकलं की मापं जुळत नाहीत.

शंका असलेल्या मापांवर डायमेकरला थोडं जास्तीचं पोलाद राखून ठेवायला सांगा. पुढे पोलाद घासून कमी करता येतं. वाढवायचं तर वेल्डिंग करावं लागतं. प्लास्टिक कुठून शिरेल तेही विचारून घ्या. दोन प्रवाह जिथे मिळतात ती वेल्ड लाइन क्लिपच्या हातावर आली तर हात तिथेच मोडतो. डायची मालकी कोणाची, दुरुस्ती किती वेळा मोफत, डाय दुसऱ्या मोल्डरकडे (डायमधून पीस काढून देणाऱ्याकडे) हलवता येईल का, हे ऑर्डरवर लिहून घ्या.

दर किमान तीन ठिकाणांहून घ्या. सातपूरला निमा आणि अंबडला आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. योग्य टूल रूमचा (डाय बनवणाऱ्या कारखान्याचा) पत्ता तिथे विचारता येतो.

ट्रायल

मशीनमधून नुकताच निघालेला गरम पीस मोजू नका. पीपी नंतरही आकसत राहतं, २४ तासांनी मोजा. पीस अर्धवट भरला तर प्रेशर, तापमान किंवा हवा बाहेर जायची वाट तपासा. कडेला पातळ पापुद्रा आला तर डाय नीट बंद होत नाहीये किंवा प्रेशर जास्त आहे. प्रत्येक पीस नळीवर दहा-वीस वेळा लावून काढा आणि काही पीस गार पाण्यात ठेवून मग वाकवा. मंजूर पिसावर तुमची आणि मोल्डरची सही करून एक नमुना मोल्डरकडे, एक तुमच्याकडे ठेवा. पुढच्या प्रत्येक लॉटसाठी तोंडाच्या मापाचा साधा गो-नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारं साधन) त्याच टूल रूमकडून करून घ्या.