ट्रॅकिंग ॲपची नकली डेटावर चाचणी: या चुका टाळा

गाड्यांचा माग ठेवणारं ॲप ऑफिसात गुळगुळीत चालतं. खरी बस रस्त्यावर आली की मात्र नकाशावर ती इमारतींवरून उड्या मारू लागते. अशा वेळी ॲपचा कोड उसवण्याआधी चाचणीत वापरलेला नकली डेटा तपासा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे सिम्युलेटर (नकली डेटा तयार करणारा प्रोग्राम) आणि ॲप दोन्ही एकाच माणसाने लिहिणं. जीपीएस यंत्रं ज्या ठरावीक साच्यात माहिती पाठवतात, त्या एनएमईए संदेशात अक्षांश अंश-मिनिटांत येतो. पुण्याचा १८.५२०४ तिथे १८३१.२२४० असा दिसतो, म्हणजे १८ अंश ३१.२२४ मिनिटं. कुणी तो १८.३१२२४ असा वाचला, तर गाडी सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. हाच गैरसमज सिम्युलेटरमध्येही असला की चुकीला चूक झाकते आणि सगळ्या चाचण्या पास! वेगाचंही तसंच: एनएमईएच्या आरएमसी या प्रकारच्या संदेशात तो नॉटमध्ये असतो, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणून खऱ्या यंत्राचा एका फेरीचा लॉग जपून ठेवा आणि नकली डेटा आधी त्याच्याशी ताडून बघा.

दुसरी चूक त्रुटी मिसळण्यातली. प्रत्येक बिंदूला वेगळा रँडम धक्का दिला, की सरासरी काढताच मार्ग सरळ होतो आणि आपला फिल्टर (त्रुटी गाळून मार्ग साफ करणारा कोड) भलताच हुशार वाटतो. उंच इमारतींमध्ये परावर्तित सिग्नलमुळे खरी त्रुटी बराच वेळ एकाच बाजूला ओढत राहते. तेव्हा आधीच्या त्रुटीचा काही अंश पुढच्या बिंदूत येऊ द्या. उभी गाडीही जागच्या जागी डुलवा. थांब्यावरच किलोमीटर वाढत असतील, तर ते इथेच कळेल.

शिवाय नकली गाडी कधी बोगद्यात जातच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भातान बोगद्यात जीपीएस मिळत नाही, आणि घाटात नेटवर्क गेलं तर साठलेले बिंदू नंतर एकदम येतात, कधी उलटसुलट क्रमाने, कधी दोनदा. हे सगळं मुद्दाम घडवा. त्या वेळी रँडम सीड (ज्या आकड्यावरून तेच रँडम धक्के पुन्हा मिळतात तो) नोंदवून ठेवा, नाहीतर सापडलेला बग पुन्हा दिसायचा नाही.

पहाटेच्या फेऱ्या आदल्या दिवसाच्या अहवालात जात असतील, तर वेळ बघा. यंत्र यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ पाठवतं, त्यामुळे आपल्याकडे पहाटे ५:३० ला त्याची तारीख बदलते. चाचणीतली गाडी ५ वाजता सोडून ६ वाजता पोहोचवा. दुपारी १२ ची गाडी हा दोष कधीच दाखवणार नाही.