ऑटोसेव्ह बंद पडले की या चुका टाळा

वर्ड किंवा एक्सेलच्या खिडकीत वरच्या डाव्या कोपऱ्यात ऑटोसेव्हचे, म्हणजे लिहिलेले आपोआप जतन करण्याचे, बटण असते आणि ते एके दिवशी अचानक 'ऑफ' दिसू लागते. पुढे काय होते, हे पुण्यातल्या लहान कार्यालयांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडे मी इतके पाहिले आहे की फोनवरचे पुढचे वाक्य आता मलाच पाठ झाले आहे: बटण पुन्हापुन्हा दाबून पाहिले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, भाच्याने ऑफिस काढून नव्याने टाकून दिले, तरी होत नाही. होणारही नाही, कारण ऑटोसेव्ह चालणार की नाही हे मुख्यतः फाइल कुठे ठेवली आहे यावर ठरते. ती वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, असावी लागते, त्याच खात्याने ऑफिसमध्ये साइन इन केलेले असावे लागते आणि ऑफिस मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीचे किंवा निदान २०२१ च्या आवृत्तीचे असावे लागते. एकदाच पैसे भरून घेतलेल्या ऑफिस २०१६ किंवा २०१९ मध्ये ही सोयच नाही. तिथे बटण शोधण्यात वेळ घालवू नये.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: फाइल कुठे आहे? आणि उत्तरही बहुधा एकच येते: "डेस्कटॉपवर." हे उत्तर पुरेसे नाही. वनड्राइव्हमध्ये फोल्डर बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात जातात, आणि कोणी तो बॅकअप मध्येच बंद केला असेल तर एकाच कॉम्प्युटरवर दोन 'डॉक्युमेंट्स' नांदू लागतात, एक वनड्राइव्हमधला आणि एक साधा. दोन्ही दिसायला सारखेच असतात. वर्डमध्ये सर्वांत वर, पट्टीवर फाइलचे नाव असते, त्यावर क्लिक केले की फाइलची जागा दिसते. तिथे वनड्राइव्हचे नाव नसेल तर पुढची चौकशी करण्याची गरज नाही; फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवावी आणि तिथूनच उघडावी.

माझा सर्वाधिक राग ज्या चुकीवर आहे ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलमध्ये आलेली फाइल तिथल्या तिथे दोनदा क्लिक करून उघडणे आणि त्यातच काम सुरू करणे. कोथरूडमधल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, वार्षिक अहवाल तयार करत होते. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना त्याआधी सदस्यांच्या हाती पडावी लागते, त्यामुळे गणपतीच्या गडबडीतच हे काम उरकावे लागते. अध्यक्षांनी अहवालाचा कच्चा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काकांनी तो कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधूनच उघडला, 'एनेबल एडिटिंग' दाबले आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च, थकबाकीदारांची यादी वगैरे मजकूर भरला. ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या एका आडबाजूच्या कप्प्यात पडलेली असते आणि तिथे ऑटोसेव्ह चालण्याचा प्रश्नच येत नाही. काकांना वर 'ऑफ' दिसले, त्यांनी बटण दाबले, वर्डने फाइल वनड्राइव्हवर चढवायची का असे विचारले आणि त्यांनी होकार दिला. बटण 'ऑन' झाले, काका समाधानाने झोपायला गेले.

इथवर सगळे ठीकच होते, कारण मजकूर सुरक्षितपणे वनड्राइव्हवर गेला होता. दुसऱ्या दिवशी मात्र काकांनी फाइल पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपमधल्या त्याच संदेशावरून उघडली. तिथे अर्थातच जुनी प्रत होती. आदल्या दिवशीची थकबाकीदारांची यादी गायब झालेली पाहून त्यांनी मला फोन केला आणि मी पोहोचेपर्यंत थांबण्याऐवजी ती यादी आठवेल तशी पुन्हा टाइप करायला घेतली. परिणाम असा की लिफ्टचा खर्च एका प्रतीत, सुधारलेली यादी दुसऱ्या प्रतीत आणि दोन्ही याद्यांतल्या रकमा एकमेकींशी न जुळणाऱ्या. "अहो, सेव्ह होतंय म्हणून 'ऑन' दाखवत होतं ना?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, जिथे 'ऑन' होते ती फाइल वेगळी होती, इतकेच. वर्डच्या 'रिव्ह्यू' टॅबमधल्या 'कंपेअर' या सोयीने दोन्ही प्रती शेजारीशेजारी लावून फरक काढले, पण कोणती रक्कम खरी हे वर्ड सांगू शकत नाही. त्यासाठी खजिनदारांची पावतीपुस्तके काढावी लागली.

माझी सवय सांगतो. आलेली कोणतीही फाइल आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिच्या नावात तारीख घालायची, व्हॉट्सअ‍ॅप आणि मेलची खिडकी बंद करायची आणि मग ती फाइल फोल्डरमधून उघडायची. यात अर्धे मिनिट जाते. हे अर्धे मिनिट वाचवणाऱ्यांना मी पुष्कळ समजावून पाहिले आहे. आता मी त्यांच्याकडून येण्याचे पैसे घेतो.

दुसरी चूक गुरुवारची आहे. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात, वीज दोन-चार तास जाते आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. बॅटरी उतरली की विंडोज बॅटरी सेव्हर चालू करते आणि वनड्राइव्हच्या मूळ मांडणीप्रमाणे बॅटरी सेव्हर चालू असताना सिंक, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आणि वनड्राइव्हवरच्या फाइली जुळवत राहणे, थांबते. घरचे वाय-फायही गेलेले असते, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला जातो. त्या जोडणीला विंडोजमध्ये 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायची) अशी खूण केलेली असेल तर तिथेही सिंक थांबते. सिंक थांबलेले असताना वनड्राइव्हच्या फोल्डरमधली फाइल उघडली तर ऑटोसेव्ह बंद दिसते, आणि लोक वर्डला दोष देतात. घड्याळाशेजारचे ढगाचे चिन्ह पाहिले असते तर त्यावर थांबल्याची दोन उभ्या रेघांची खूण दिसली असती. त्या चिन्हावर क्लिक करून 'रिझ्यूम सिंकिंग' निवडले की काम होते. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये बॅटरी सेव्हर आणि मीटर्ड जोडणी यांसाठी थांबण्याच्या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत. मी स्वतः बॅटरीची खूण काढून ठेवतो आणि मीटर्डची तशीच राहू देतो, कारण फोनचा डेटा संपला की पुढचा फोन मलाच येतो. कधी कोणी हातानेच २, ८ किंवा २४ तासांसाठी सिंक थांबवलेले असते आणि ते विसरून गेलेले असते.

ढगाचे चिन्हच दिसत नसेल तर वनड्राइव्ह सुरूच झालेले नाही. "कॉम्प्युटर फास्ट करून देतो" म्हणणाऱ्या दुकानदारांचा हा आवडता उद्योग आहे: सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून ते वनड्राइव्ह काढून टाकतात, कॉम्प्युटर जरासा लवकर उघडतो, गिऱ्हाईक खूश होते आणि त्यानंतरचे कित्येक दिवसांचे काम फक्त त्या एका हार्ड डिस्कवर साठत राहते.

आता जुन्या फाइली. आपल्याकडे सी-डॅकच्या आयएसएमवर आणि मॉड्युलरच्या श्री-लिपीवर, म्हणजे जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, घडवलेल्या मराठी फाइलींचा मोठा साठा आहे आणि त्यांतल्या पुष्कळ अजून डॉक, एक्सएलएस अशा जुन्या प्रकारांत आहेत. अशा फाइलीच्या नावाशेजारी वर 'कंपॅटिबिलिटी मोड' असे दिसले की ऑटोसेव्हची आशा सोडावी. 'फाइल', 'इन्फो' या वाटेने 'कन्व्हर्ट' करून फाइल डॉकएक्समध्ये आणली की हा अडसर दूर होतो. मात्र फाइलच्या नावातला डॉक खोडून हाताने डॉकएक्स लिहिणे म्हणजे रूपांतर नव्हे; असे केल्यावर वर्ड फाइल उघडायलाच नकार देते आणि मग 'फाइल करप्ट झाली' असा ओरडा होतो. रूपांतराने फॉन्ट बदलत नाही, श्री-लिपीतला मजकूर श्री-लिपीतच राहतो, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या फोनवर आधी अगम्य दिसत होता तसाच नंतरही दिसेल. ते दुखणे वेगळे आहे आणि त्याचा ऑटोसेव्हशी संबंध नाही. मूळ जुनी फाइल मी वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवून देतो.

फाइलला उघडण्याचा पासवर्ड लावला असेल तर ऑटोसेव्ह चालत नाही. कर सल्लागारांच्या कार्यालयांत हे हमखास आढळते. फाइलवर पासवर्ड लावण्यापेक्षा ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे शेअरिंग मोजक्या लोकांपुरते ठेवावे, असे माझे मत आहे.

पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना ऑटोसेव्ह थांबलेले दिसले तर घाबरू नये.

एका कॉम्प्युटरवर घरचे आणि कार्यालयाचे अशी दोन खाती असतील तर 'फाइल', 'अकाउंट' इथे जाऊन फाइल ज्या खात्याची आहे ते खाते साइन इन आहे ना, हे पाहावे. पासवर्ड बदलल्यानंतर वर्ड वर पिवळ्या पट्टीत पुन्हा साइन इन करायला सांगते आणि लोक ती पट्टी बंद करतात.

फुकटच्या वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा मिळते. ती लग्नाच्या फोटोंनी भरली की सिंक अडते, मग ऑफिसला दोष देण्यात अर्थ नाही. एक्सेलमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याची लांबी २१८ अक्षरांपर्यंतच चालते, त्यामुळे 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन सुधारित' असे एकात एक फोल्डर रचणाऱ्यांनी जरा आवरते घ्यावे.

हे सगळे तपासूनही वनड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलवर ऑटोसेव्ह बंदच राहत असेल, तर दोन खुणा पाहायच्या. पहिली वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये असते: उघडलेल्या ऑफिस फाइली ऑफिसच्या प्रोग्रामांना सिंक करू द्यायच्या की नाहीत, अशा अर्थाचा तो पर्याय असून तो चालू हवा. दुसरी वर्डच्या 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' या भागात असते, क्लाउडवरच्या फाइलींना ऑटोसेव्ह आपोआप लागू करण्याची. एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये ही दुसरी खूण स्वतंत्रपणे पाहावी लागते. वर्डमध्ये केली म्हणजे तिकडे होत नाही.

गूगल ड्राइव्हवाल्यांची तक्रार निराळी असते. गूगल डॉक्समध्ये ब्राउझरमध्ये लिहिलेले आपोआप साठते, त्यामुळे ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवलेली वर्डची फाइलही वर्डमध्ये उघडल्यावर तशीच साठेल अशी समजूत होते. वर्डचे ऑटोसेव्ह गूगल ड्राइव्हवर चालत नाही. तिथे कंट्रोल-एस दाबायचे, मग ड्राइव्ह ती फाइल वर चढवते. दाबले नाही तर चढवायला नवे काहीच नसते.

आणखी एक गैरसमज ऑटोरिकव्हरचा. ते दर १० मिनिटांनी तात्पुरती प्रत बाजूला ठेवते, तीही वर्ड कोसळले किंवा वीज गेली तर उपयोगी पडावी म्हणून. बंद करताना 'डोंट सेव्ह' दाबणाऱ्याला ती कधीतरी 'इन्फो'मधल्या 'मॅनेज डॉक्युमेंट'खाली सापडतेही, पण तिच्या भरवशावर प्रबंध लिहू नये.

उतावळ्या मंडळींबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. एखादा व्हिडिओ पाहून वनड्राइव्ह अनलिंक करणे, रीसेट करणे किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत) हात घालणे हे प्रकार पहिल्या पाच मिनिटांतच करणारे लोक मला भेटतात. रीसेटने वनड्राइव्हवर पोहोचलेल्या फाइली जात नाहीत हे खरे, पण सगळे सिंक पहिल्यापासून सुरू होते आणि ज्या फाइली अजून वर गेल्याच नव्हत्या त्यांचा शोध घेणे अवघड होऊन बसते. काही करण्याआधी उघडी असलेली फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून पेन ड्राइव्हवर ठेवावी. नंतर फोल्डरमध्ये चिन्हे पाहावीत: हिरवी खूण म्हणजे फाइल पोहोचली, फिरते बाण म्हणजे वाटेत आहे, लाल फुली म्हणजे अडली. लाल फुलीच्या फाइली आधी सोडवायच्या. नावाच्या शेवटी कॉम्प्युटरचे नाव चिकटलेली दुसरी प्रत दिसली तर ती कचरा समजून काढू नये. दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाल्यामुळे वनड्राइव्हने ती जपून ठेवलेली असते.

ऑटोसेव्ह पुन्हा चालू झाल्यावर होणारी चूक तर मला जास्त महाग वाटते. गेल्या वर्षीचे निमंत्रण किंवा ताळेबंद उघडायचा, त्यातच तारखा आणि आकडे बदलायचे आणि शेवटी नवीन नाव देऊन जतन करायचे, ही आपली जुनी रीत. ऑटोसेव्ह चालू असताना पहिला आकडा खोडताक्षणी गेल्या वर्षीची फाइल बदललेली असते. म्हणूनच तिथे 'सेव्ह अ‍ॅज'च्या जागी 'सेव्ह अ कॉपी' दिसते, आणि ते काम सुरू करण्याआधी दाबायचे असते. जुनी फाइल आधीच बिघडली असेल तर नावावर क्लिक करून 'व्हर्जन हिस्टरी' उघडावी, बदलाच्या आधीची वेळ निवडावी आणि ती प्रत परत आणावी. वैयक्तिक खात्यात मागच्या २५ आवृत्त्याच मिळतात, त्यामुळे त्या फाइलमध्ये आणखी काही टाइप करण्याआधी हे उरकावे.