जुन्या ओम्नीत दुसरं इंजिन बसवल्यावर गाडी त्रास देते? दोष असा शोधा

मामांची कार्ब्युरेटरवाली मारुती ओम्नी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून टोमॅटोचे क्रेट वाहते. इंजिन ऑइल प्यायला लागलं म्हणून त्यांनी जुन्या पार्टच्या दुकानातून दुसरं ७९६ सीसीचं इंजिन आणून बसवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात सेल्फ जड मारू लागला, गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडी बंद पडू लागली आणि टेंपरेचरचा काटा वर चढू लागला. "इंजिनच खराब निघालं," असं त्यांना सांगण्यात आलं. तसं नव्हतं. इंजिन उतरवताना जे सोडलं आणि चढवताना जे परत जोडलं, त्या जोडांमध्येच तिन्ही दोष होते. तुमच्याही गाडीत आधी तिथेच बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दोन गोष्टींना मात्र थांबू नका. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला नाही तर लगेच चावी बंद करा. आणि पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळं सोडून आधी गळती शोधा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणजे गळकं पेट्रोल माणसांच्या खालीच साचतं. कडक झालेला पेट्रोल पाइप आणि जुन्या क्लिपा परत वापरूच नयेत. गाडीला एलपीजी किट असेल तर गॅसचे जोड स्वतः उघडू नका, ते अधिकृत किटवाल्याकडूनच करून घ्या.

आता सेल्फ. बॅटरी चार्ज असेल तर गाडी बंद असताना मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. तेवढे असूनही सेल्फ जड मारत असेल तर अर्थिंग, म्हणजे इंजिनाची बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी, तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीकडून त्याला अर्थ मिळत नाही. त्यासाठी जाड वायर किंवा विणलेली पट्टी लागते आणि इंजिन बदलताना नेमकी तीच राहून जाते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग कच्चं आहे. पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून, गंज आणि रंग काढून घट्ट आवळा. मामांच्या गाडीत पट्टी लावलेलीच नव्हती. सेल्फचा सगळा करंट क्लच केबलमधून जात होता, आणि केबलचं आवरण वितळून ती जाम झाली होती. क्लच अचानक जड झाला तर हेही डोक्यात ठेवा.

गाडी तापत असेल तर बहुतेक वेळा पाण्यात हवा अडकलेली असते. ओम्नीचा रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, मधले पाइप लांब, त्यामुळे नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा. झाकण उघडून कूलंट भरा, इंजिन सुरू करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा. बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, तसतसं भरत जा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की वरचा पाइप गरम होतो. पातळी स्थिर झाली की झाकण लावा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

रेडिएटरचा फॅन फिरतच नसेल तर त्याच्या थर्मो स्विचचा (पाणी तापल्यावर फॅन चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढून दोन्ही टोकं वायरने जोडा. चावी चालू करून फॅन फिरला तर स्विच गेलेला आहे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर बघा. एवढं करूनही बुडबुडे थांबत नाहीत किंवा ऑइल दुधाळ झालं आहे, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलं. हा खरोखर इंजिनाचा दोष आहे, दुकानदाराकडे परत जा.

सिग्नलला बंद पडणं किंवा मिसिंग (इंजिन अडखळत चालणं) असेल तर आधी प्लगच्या वायरी बघा. या तीन सिलिंडरच्या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली की कार्ब्युरेटरमधून फटाके येतात. वायरी बरोबर असतील तर व्हॅक्यूमचे बारीक पाइप बघा. सुटलेला पाइप सुसू आवाज करतो. बोटाने दाबल्यावर रनिंग सुधारलं तर चोर सापडला. कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केटही हवा ओढतं. हे सगळं झाल्यावरच टायमिंग लाइट लावून टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) बघा. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायची घाई केली की मूळ दोष झाकला जातो.

गाडी कार्ब्युरेटरची आणि आणलेलं इंजिन इंजेक्शनचं असेल, तर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, सेन्सर असं सगळं बदलावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊ नका, त्याच प्रकारचं इंजिन शोधा.

कागदांचंही बघा. आरसी बुकवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदलल्यावर मोटार वाहन कायद्यानुसार १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावं लागतं. एमएच १५ च्या, म्हणजे नाशिकच्या, गाडीसाठी ते ऑफिस पेठ रोडला. त्यासाठी इंजिन विकत घेतानाच त्यावरचा नंबर लिहिलेली पावती मागून घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

चाचणी घेताना पहिले दोन दिवस शहरातच फिरा, मग रिकामी गाडी त्र्यंबकला नेऊन आणा. परतल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि माउंटिंगचे बोल्ट, होजच्या क्लिपा पुन्हा आवळा, ऑइल आणि पाणी मोजा. कसारा घाट सगळ्यात शेवटी. मुंबईकडे जाताना उतार असतो, खरा चढ नाशिकला परतताना लागतो. मामा आता क्रेट भरून तो चढ चढतात, आणि काटा मधेच उभा राहतो.