सॉलिटॉन शिकायला घेताय? आधी दोन लाटांची टक्कर घडवा

पीएचडीचे पहिले सहा महिने मी सॉलिटॉनबद्दल, म्हणजे टक्करीनंतरही आपला आकार टिकवणाऱ्या एकट्या लाटांबद्दल, नुसती वाचत होते. 1834 साली जॉन स्कॉट रसेलने एडिनबर्गजवळच्या कालव्यात बोट थांबल्यावर सुटून पुढे निघालेली एकुलती एक लाट पाहिली आणि घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला, ही गोष्ट पाठ होती. अशा लाटांचं कोर्टवेग आणि डी व्रीस यांचं 1895चं समीकरणही (थोडक्यात केडीव्ही) कागदावर सुटायचं. पण विषय खरा कळला तो माझ्या प्रोग्राममध्ये दोन लाटा एकमेकींमागे सोडल्या त्या दिवशी.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझा आग्रह असतो, की पहिल्याच महिन्यात केडीव्ही समीकरणाचा प्रोग्राम स्वतः लिहा. या समीकरणात लाट जितकी उंच, तितकी ती अरुंद आणि वेगवान. तेव्हा उंच लाट मागे ठेवा, बुटकी पुढे. उंच लाट बुटकीला गाठते, दोघी मिसळतात आणि जशाच्या तशा बाहेर पडतात. मधल्या क्षणाकडे मात्र नीट बघा. साध्या लाटांची उंची तिथे एकमेकींत मिळवली गेली असती. इथे उलट उंच लाट खाली बसते. शिवाय टक्करीनंतर ती अपेक्षेपेक्षा थोडी पुढे असते आणि बुटकी थोडी मागे. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी 1965 मध्ये संगणकावर हेच पाहिलं आणि कणासारख्या वागणाऱ्या या लाटेला सॉलिटॉन नाव दिलं.

माझ्या पहिल्या टक्करीनंतर लाटांमागे बारीक तरंगांची शेपटी उरली होती. काहीतरी नवीन सापडलं, असं वाटून मी दोन आठवडे तिच्यात घालवले. चूक कालपायरीत होती, म्हणजे प्रोग्राम एका वेळी जितका काळ पुढे सरकतो त्यात. साध्या पद्धतीत जाळीचं, म्हणजे गणिताच्या शेजारच्या दोन बिंदूंमधलं, अंतर निम्मं केलं, तर कालपायरी आठपट लहान करावी लागते, कारण समीकरणात तिसरा डेरिव्हेटिव्ह आहे. लाटेखालचं क्षेत्रफळ आणि उंचीच्या वर्गाचं इंटिग्रल स्थिर राहतंय का, हे दर वेळी तपासा. मी ते तपासलं असतं, तर ते दोन आठवडे वाचले असते.

केडीव्ही समीकरण अचूक सोडवणारी 1967ची इन्व्हर्स स्कॅटरिंग पद्धत घाईने वाचू नका. आधी क्वांटम मेकॅनिक्समधला विभव-विहीर (कणाला अडकवून ठेवणारा ऊर्जेचा खळगा) हा भाग पक्का करा. लाटेलाच विहीर मानायचं आणि तिच्यातली प्रत्येक बद्ध, म्हणजे अडकलेली, अवस्था म्हणजे एक सॉलिटॉन: ही कल्पना मला अजूनही विलक्षण सुंदर वाटते.

जीवशास्त्राकडे वळताना जास्त सावध राहा. डाविडोव्ह यांनी 1973 मध्ये मांडलं, की एटीपीतून (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतून) सुटलेली ऊर्जा प्रथिनाच्या अल्फा-हेलिक्समधून, म्हणजे मळसूत्री साखळीतून, सॉलिटॉनच्या रूपात वाहत असेल. बंधांची कंपनं साखळीला किंचित विकृत करतात आणि ती विकृती कंपनांना विखरू देत नाही. मी या कल्पनेच्या प्रेमात होते. निरपेक्ष शून्य तापमानाला माझं गणित छान चाललं. शरीराच्या तापमानाची औष्णिक खळबळ घातली आणि स्पंद बघता बघता विरला. तो किती काळ टिकतो, यावरच या क्षेत्रात दीर्घ वाद झाला आहे.

मज्जातंतूतला संदेशही आकार न बदलता धावतो, पण तेवढ्यावरून त्याला सॉलिटॉन म्हणता येत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांच्या 1952च्या प्रतिमानात तो वाटेवर साठवलेली ऊर्जा खर्चत पुढे जातो आणि मागचा भाग काही काळ उत्तेजित होऊ शकत नाही. त्यामुळे समोरासमोर आलेले दोन संदेश एकमेकांना विझवतात. हाइमबुर्ग आणि जॅक्सन यांनी 2005 मध्ये मज्जातंतूच्या पटलातून सॉलिटॉनसारख्या धावणाऱ्या ध्वनिस्पंदाचं वेगळं प्रतिमान मांडलं; त्यावर मतभेद आहेत, आणि मला त्यात रस आहे तो टक्करीचा प्रश्न (संदेश विझतात की पलीकडे जातात) थेट प्रयोगात तपासता येतो म्हणून.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी केडीव्हीनंतर लगेच फिट्झह्यू–नागुमोचा, म्हणजे हॉजकिन-हक्सलींच्या प्रतिमानाच्या सोप्या रूपाचा, प्रोग्राम लिहायला देते. दोन्ही टक्करींत लाटा वेळेनुसार कुठे पोचल्या याचे आलेख शेजारी-शेजारी लावायचे. एकीकडे रेषा एकमेकींना छेदून पलीकडे गेलेल्या दिसतात, दुसरीकडे दोन्ही रेषा भेटल्या त्या जागीच संपतात.