बीजगणितासाठी ऑनलाइन साधने: कोणते, केव्हा आणि कसे वापरावे

आठवी ते दहावीच्या बीजगणितासाठी इंटरनेटवर शोध घेतला, तर काही क्षणांत शेकडो व्हिडिओ, सरावसंच आणि ॲप समोर येतात. त्यांतील बरीच साधने मनापासून तयार केलेली आणि मोफत आहेत. तरीही नाशिकमधील अनेक घरांत आणि शाळांत त्यांचा उपयोग होत नाही, कारण विद्यार्थी नेमका कोठे अडला आहे हे पाहण्याआधीच साधन उघडले जाते. ज्याला समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह का बदलते हे कळलेले नाही, त्याला वर्गसमीकरणाचे दहा व्हिडिओ दाखवून काही साधत नाही. म्हणून पहिले काम कागदावर करावे.

एका पानावर पाच-सहा प्रश्न लिहावेत. त्यांतील एक असा असावा: ८ + ४ = __ + ५. बरोबर उत्तर ७ आहे, पण बरीच मुले रिकाम्या जागी १२ लिहितात. १२ लिहिणाऱ्या मुलासाठी बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असा इशारा असतो. दोन्ही बाजू समान आहेत हा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. दुसरा प्रश्न कंस सोडवण्याचा, तिसरा ऋण चिन्हाचा, चौथा शाब्दिक उदाहरणावरून केवळ समीकरण मांडण्याचा आणि पाचवा बिंदू आलेखावर दाखवण्याचा ठेवावा. हे पान तपासल्यावर पुढच्या महिन्यात कोणते साधन लागणार आहे, हे बहुतेक वेळा स्पष्ट होते.

पाठ्यपुस्तकाला पर्याय शोधू नये. बालभारतीची सर्व पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि पुस्तकातील क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केल्यास त्या प्रकरणाशी जोडलेले साहित्य उघडते. दीक्षा हा केंद्र सरकारचा मंच २०१७ पासून सुरू आहे. तेथील साहित्याचा दर्जा सारखा नसतो, त्यामुळे शिक्षकाने ते वर्गात लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पाहावे. मात्र राज्य मंडळाची परिभाषा आणि प्रकरणांचा क्रम तेथे जुळतो, हा मोठा फायदा आहे.

बरोबरच्या चिन्हाशी अडलेल्या मुलासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे फेट. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील हा प्रकल्प नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. त्यातील 'इक्वॅलिटी एक्स्प्लोरर' या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे हाताळता येणाऱ्या संगणकीय प्रतिकृतीत, पडद्यावर तराजू असतो आणि त्याच्या पारड्यांत अंक व अज्ञात राशी ठेवता येतात. एका पारड्यातून काही काढले की तराजू झुकतो, आणि तो पुन्हा समतोल करण्यासाठी दुसऱ्या पारड्यातूनही तेवढेच काढावे लागते. ३क्ष + २ = १४ हे समीकरण मुलांना येथे सोडवू द्यावे: दोन्ही बाजूंनी २ काढले की ३क्ष = १२ उरते, आणि तीन समान भाग केले की क्ष = ४ मिळते. महत्त्वाची गोष्ट अशी, की पडद्यावरची प्रत्येक हालचाल त्याच वेळी वहीत एक ओळ म्हणून लिहून घ्यावी. ओळ लिहिली नाही तर मूल तराजू हलवण्यात रमते आणि परीक्षेत मात्र तेथेच अडते. कंस आणि विस्तार सूत्रांसाठी याच संकेतस्थळावरील 'एरिया मॉडेल अल्जिब्रा' घ्यावे. तेथे (अ + ब) चा वर्ग चार भागांच्या आकृतीत दिसतो, आणि २अब हे पद विसरणाऱ्या मुलाला ते दोन आयत डोळ्यांसमोर दिसतात. फेटच्या अनेक सिम्युलेशनचे मराठी भाषांतर झालेले आहे, म्हणून भाषांची यादी आधी तपासावी.

शाब्दिक उदाहरण आणि आलेख यांसाठी एकच उदाहरण अनेक साधनांतून फिरवणे, हा मी सुचवेन तो मार्ग आहे. उदाहरण परिसरातलेच घ्यावे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात निघालेल्या एका गाडीत टोमॅटोचे २० किलोचे क्रेट आणि द्राक्षांच्या ५ किलोच्या पेट्या मिळून ६० नग आहेत आणि मालाचे एकूण वजन ९०० किलो आहे, तर क्रेट किती आणि पेट्या किती? क्रेट क्ष आणि पेट्या य मानल्यास क्ष + य = ६० आणि २०क्ष + ५य = ९०० ही दोन समीकरणे मिळतात. मुलांनी आधी ती वहीत मांडावीत आणि लोप पद्धतीने सोडवावीत: दुसऱ्या समीकरणाला ५ ने भागले की ४क्ष + य = १८०, त्यातून पहिले वजा केले की ३क्ष = १२०, म्हणजे क्ष = ४० आणि य = २०. त्यानंतरच डेस्मॉस हे आलेख काढणारे मोफत साधन उघडावे. तेथे क्ष आणि यच्या जागी इंग्रजी एक्स आणि वाय टंकावे लागतात.

येथे एक अडचण हमखास येते. डेस्मॉस उघडल्यावर अक्ष साधारण उणे १० पासून १० पर्यंतच दिसतात, आणि आपल्या दोन्ही रेषा त्या चौकटीच्या बाहेर असल्यामुळे पडदा रिकामा राहतो. मुलांना वाटते की आपले समीकरण चुकले. शिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये. क्ष शून्य असताना य किती येईल, असे विचारावे. पहिल्या समीकरणात ६० आणि दुसऱ्यात १८० ही उत्तरे आली की अक्षांची मर्यादा किती ठेवायला हवी, हे मुले स्वतः ठरवतात. मग दोन्ही रेषा (४०, २०) या बिंदूत छेदताना दिसतात. आलेख कागदावर काढतानाही प्रमाण निवडण्याची हीच समज लागते, त्यामुळे हा वेळ अजिबात वाया जात नाही. त्यानंतर ६० च्या जागी ७० घालून पाहावे आणि छेदनबिंदू कोठे सरकतो याचा अंदाज आधी वहीत लिहावा.

वर्गसमीकरणासाठी जिओजेब्रा अधिक सोयीचे वाटते. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते विकसित करायला सुरुवात केली आणि त्यात भूमिती व बीजगणित एकाच पडद्यावर जोडलेले आहेत. क्ष² − ६क्ष + क हे बहुपद घेऊन क साठी सरकपट्टी ठेवावी. क ५ असताना वक्र क्ष-अक्षाला १ आणि ५ येथे छेदतो, क ९ झाला की तो अक्षाला ३ येथे केवळ स्पर्श करतो, आणि ९ च्या पुढे अक्षापासून सुटतो. या उदाहरणात विवेचक, म्हणजे मुळांचे स्वरूप सांगणारी राशी, ३६ − ४क आहे. तो धन, शून्य आणि ऋण होण्याचे क्षण आणि वक्राची स्थिती यांची सांगड मुलांनी स्वतः घालावी. मुळांच्या स्वरूपाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे दहा मिनिटांचे काम जास्त टिकते.

व्हिडिओंच्या बाबतीत अभ्यासक्रमाकडे लक्ष द्यावे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या खान अकॅडमीचे बीजगणित मोफत आणि सुरेख रचलेले आहे, हिंदीतही बरेच मिळते, आणि चुकलेल्या प्रश्नाला पायरीपायरीने सूचना मिळतात. मात्र तेथील 'अल्जिब्रा १' आणि 'अल्जिब्रा २' ही अमेरिकी विभागणी आहे आणि भारतासाठीचे इयत्तावार भाग मुख्यतः एनसीईआरटीला धरून आहेत. राज्य मंडळाच्या सध्याच्या दहावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात निश्चयक (सहगुणकांच्या तिरकस गुणाकारांतील फरक) आणि त्यावरून समीकरणे सोडवण्याची क्रेमरची पद्धत येते. सीबीएसईच्या दहावीत ती नाही. म्हणून केवळ त्या व्हिडिओंवर अवलंबून राहिलेल्या मुलाची तेवढी तयारी राहून जाते. वरचेच क्रेट-पेट्यांचे उदाहरण क्रेमरच्या पद्धतीने सोडवून घ्यावे: निश्चयक १ × ५ − १ × २० म्हणजे −१५ येतो, क्षचा −६०० आणि यचा −३००, आणि या दोन्हींना −१५ ने भागले की उत्तर पुन्हा ४० व २० मिळते. एकच उत्तर तीन पद्धतींनी आल्यावर मुलांना पद्धतींमधले नाते कळते. नववीतील संच आणि दहावीतील अर्थनियोजन यांसाठीही पाठ्यपुस्तक व मराठी व्हिडिओ यांकडेच वळावे.

सेमी इंग्रजीच्या वर्गांत आणखी एक तयारी लागते. सहगुणक, चल, बहुपदी, अवयव या संज्ञांची मराठी आणि इंग्रजी रूपे वहीच्या शेवटच्या पानावर समोरासमोर लिहून ठेवावीत, म्हणजे व्हिडिओ कोणत्याही भाषेत असला तरी मूल थांबत नाही.

फोटो काढला की उत्तर देणारी फोटोमॅथसारखी ॲप आणि संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घराघरांत पोहोचली आहेत, आणि त्यांवर बंदी घालून काही होणार नाही असे मला वाटते. नियम एकच ठेवावा: आपले उत्तर वहीत पूर्ण लिहून झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि काढल्यावर केवळ आपली कोणती ओळ ॲपच्या ओळीपासून वेगळी झाली ते शोधायचे. ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करून शेजारी कारण लिहावे. संभाषण करणारी साधने आत्मविश्वासाने चुकीच्या पायऱ्याही देतात, म्हणून मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून ताळा करणे सक्तीचे असावे.

दहावीच्या गणित भाग १ ची, म्हणजे बीजगणिताची, लेखी परीक्षा ४० गुणांची असते आणि तीत चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे प्रश्न येतात. परदेशी सरावसंचांत हा प्रकार सहसा मिळत नाही. त्यासाठी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेल्या प्रश्नपेढ्या आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वापराव्यात.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतील पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नसतो. तेथील शिक्षकांनी तालुक्याच्या ठिकाणी असतानाच फेटची सिम्युलेशन फाइल स्वरूपात उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावीत. ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. जिओजेब्राही संगणकावर बसवता येते. खान अकॅडमीचे साहित्य इंटरनेटशिवाय वापरायचे असेल, तर कोलिब्री ही मोफत प्रणाली एखाद्या जुन्या लॅपटॉपवर बसवून वर्गातच मुलांच्या हाती देता येते.

ज्यांना याच्या पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी नाशिककरांच्या हक्काचा विषय आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीत शाळेत गणित शिकवत आणि फावल्या वेळात संख्यांचा शोध घेत. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सुरुवात तिन्ही अंक सारखे नसलेल्या तीन अंकी संख्येपासून करावी. गुगल शीट्समध्ये तीन अंक तीन वेगळ्या रकान्यांत भरावेत, ते उतरत्या क्रमाने लावून मिळालेल्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. अंक वेगळ्या रकान्यांत ठेवण्याचे कारण असे, की २११ − ११२ = ९९ आल्यावर ते ०९९ असे धरावे लागते आणि एकाच रकान्यात शीट्स तो शून्य गाळते. २११ पासून निघाल्यास ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४ असे करत ४९५ वर येऊन थांबावे लागते. आता बीजगणित आणावे: सर्वांत मोठा अंक अ आणि सर्वांत लहान क असल्यास फरक ९९(अ − क) येतो, मधला अंक निघून जातो, आणि म्हणून शक्य फरक नऊच आहेत. ते नऊही तपासणे नववीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे. सर्व सारखे नसलेल्या चार अंकांसाठी हीच मांडणी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी होते आणि ६१७४ वर पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत.

त्यानंतर पूर्णांक श्रेढींच्या ऑनलाइन विश्वकोशात (ओईआयएस) ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या संख्या टंकून पाहाव्यात. कापरेकर संख्यांची नोंद उघडते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, हा त्यांचा गुणधर्म. दोन अंकी संख्या न मानून तिच्या वर्गाचे भाग प आणि फ केल्यास न² = १००प + फ आणि न = प + फ; वजाबाकी केली की न(न − १) = ९९प. लगतच्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे ९ आणि ११ यांची वाटणी न आणि न − १ यांच्यात कशी होऊ शकते हे तपासले की ४५, ५५ आणि ९९ याच दोन अंकी संख्या उरतात. ९९ च्या जागी ९९९ म्हणजे २७ × ३७ घेऊन हेच काम केल्यास २९७, ७०३ आणि ९९९ मिळतात.