जावास्क्रिप्ट: तारखांच्या आणि इतर या चुका टाळा

फोंड्यात माझ्याकडे जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा, शिकायला येणारी पोरं पहिल्या आठवड्यात विचारतात, "सर, हे असं का?" चौथ्या आठवड्यापासून विचारत नाहीत, नेटवरचं उत्तर चिकटवतात. तिथून माझी डोकेदुखी सुरू.

सगळ्यात जुनं दुखणं महिन्याचं. तारखा सांभाळणाऱ्या 'डेट'मध्ये दिवस 1 पासून, महिना मात्र 0 पासून. जानेवारी 0, डिसेंबर 11. ब्रेंडन आइकने 1995 मध्ये 10 दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला, तेव्हा 'डेट' जावा या दुसऱ्या भाषेतून जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली. जावाने 2014 मध्ये नवी तारीख-लायब्ररी (तयार कोडचा संच) आणून महिना 1 वर आणला. इकडे शून्य तसंच राहिलं.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. जुन्या गोव्याजवळच्या एका गेस्टहाउसचं बुकिंगचं पान केलं होतं. सुरू होऊन चारच दिवस झालेले, आणि सगळी बुकिंगं सेंट झेवियरच्या फेस्ताची, म्हणजे 3 डिसेंबरची. फॉर्ममधला 12 मी सरळ 'डेट'ला दिला. एरर? कसली एरर! 12 म्हणजे तिच्या हिशेबात तेरावा महिना. तिने मुकाट पुढच्या वर्षीचा 3 जानेवारी लावला. पडद्यावर डिसेंबर रिकामा, म्हणून मालकीणबाईंनी खोल्या दारात आलेल्यांना देऊन टाकल्या. संध्याकाळी बेळगावचं कुटुंब बॅगांसकट बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, उभं, आणि मला फोन: "बाब, तुझा कॉम्प्युटर फेस्त जानेवारीत करतो काय?"

तेव्हापासून महिन्यातून 1 वजा करणं एकाच फंक्शनमध्ये, आणि चाचणीला तारीख डिसेंबरचीच. पडद्यावर बरोबर दिसेपर्यंत जागोजागी +1, -1 लावत बसणाऱ्याचा कोड मी वाचत नाही, परत करतो. 'डेट'ला पर्याय म्हणून आलेल्या नव्या 'टेम्पोरल'मध्ये महिना 1 पासून आहे. तुम्हाला लागणाऱ्या ब्राउझरांत ते चालत असेल तर तेच वापरा.

'टू-आयएसओ-स्ट्रिंग'ने तारीख छापू नका. ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवतं. आपल्या मध्यरात्री तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे 6.30 वाजलेले असतात. बिलावर कालची तारीख येते.

'गेट-डे' वार देतं, तारीख नव्हे. तारखेला 'गेट-डेट'.

यादीचा क्रम लावणारं 'सॉर्ट' आकडेही अक्षरांसारखे लावतं: 9, 80, 10 दिले की 10, 80, 9. तुलनेचं फंक्शन स्वतः द्या.

हे सुधारत का नाहीत? भाषेत बदल केला की जुनी पानं मोडतात. 2018 मध्ये यादीतल्या याद्या सपाट करणाऱ्या नव्या फंक्शनचं 'फ्लॅटन' हे नाव मूटूल्स या जुन्या लायब्ररीशी भिडलं, म्हणून 'फ्लॅट' ठेवावं लागलं.

'स्लाइस' मूळ यादीला हात लावत नाही, 'स्प्लाइस' तिचेच तुकडे पाडतं. मी 'स्प्लाइस' लिहिणंच सोडलंय.